अकरा यंत्रांची इर्जिक

मी पत्रकांवर वाढले. वडील चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. वाटून उरलेला गठ्ठा घरी यायचा. मग ती पत्रकं डब्यांच्या तळाशी जायची, शेंगदाण्यांच्या पुड्यांना लागायची, माझ्या वह्यांची कव्हरं व्हायची. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचायला शिकले.

वडिलांचा एक नियम होता. "बोललेलं माणूस विसरतं, छापलेलं नाय विसरत. पत्रकात एक शब्द खोटा गेला की बाकीचे शंभर खरे वाया." हा नियम मला पाठ होता आणि मान्यही होता. तरी मी माझ्या पहिल्याच पत्रकात एक खोटा शब्द छापला. त्या शब्दाची किंमत माझ्या मैत्रिणीनं भरली. तिची आणि त्या किमतीची ही हकीकत आहे.

मी तेव्हा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. मैत्रीण माझ्याहून मोठी, त्याच संस्थेत भूजलावर संशोधन करणारी. तिला पाठ्यवृत्ती मिळत होती आणि घरात नियमानं येणारे पैसे तेवढेच होते. तिच्या अब्बांचं शहरातल्या छावणी भागात सायबर कॅफे होतं. पण मोबाईलवर इंटरनेट आलं तसं तिथं येणं लोकांनी सोडलं होतं.

तिचं गणित सांगायला सोपं होतं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या फटींत राहतं आणि फटी किती नि कशा ते कुणालाच दिसत नाही. म्हणून एक अंदाज धरायचा, फटी अशा आहेत असं मानायचं, आणि गणित करून पाहायचं की गावच्या विहिरी मे महिन्यापर्यंत टिकतील का. मग दुसरा अंदाज, मग तिसरा. असे चार हजार अंदाज तपासले तर कुठं खात्रीनं काही म्हणता येणार होतं. एका गणिताला साध्या संगणकावर पाऊण तास लागायचा. प्रयोगशाळेत तिच्या वाट्याला रोज एक तास यायचा, तोही लाईट असली तर. त्या चालीनं तिला दहा-बारा वर्षं लागली असती. समितीसमोर काम मांडायला तिच्याकडं जेमतेम अडीच महिने होते. मांडलं नाही तर पाठ्यवृत्ती बंद.

आता राग येण्याचं कारण सांगते. त्याच इमारतीत, तिच्या टेबलापासून दोन जिने वर, एक अवाढव्य संगणक बसवलेला होता. हे सगळं काम त्यानं दोन-तीन दिवसांत केलं असतं.

तो अनुदानातून आला होता. त्याच्यासाठी खोली नव्यानं बांधली, गुळगुळीत फरशी घातली, दोन एसी बसवले. उद्घाटनाला नारळ फोडला. कपाटाएवढ्या त्या यंत्रावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते अजून तसंच होतं. खोलीबाहेर पाटी होती, 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.' पण चपला काढून आत जायची वेळ कुणावरच आली नाही, कारण दाराला कुलूप होतं आणि किल्ली संगणक केंद्राच्या प्रमुखांच्या खिशात.

मैत्रीण अर्ज घेऊन गेली तेव्हा मी सोबत होते. सर चांगल्या आवाजात बोलत. वाईट बातमीसुद्धा ते प्रसाद दिल्यासारखी द्यायचे.

"उन्हाळ्यात ते बंद ठेवावं लागतं," ते म्हणाले. "एसी ट्रिप होतात. तापलं तर खराब होईल."

"सर, हिवाळ्यातही बंदच होतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मैत्रिणीला म्हणाले, "हे बघा, ते यंत्र विहिरींच्या गणितासाठी नाही. त्याला साजेसं काम यायचंय."

"मग आम्ही काय करायचं?"

"पुण्यात कंपन्या आहेत. तासावर भाड्यानं देतात. पाठ्यवृत्तीतून भरा. आपल्याच करिअरची गुंतवणूक आहे ना."

दिवाणखान्यातल्या सोफ्याचं प्लास्टिक पाहुणे आले तरी न काढणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांचं मी समजू शकते, त्यांनी पैसे साठवून सोफा घेतलेला असतो. पण इथं सोफा लोकांच्या पैशाचा होता आणि बसायला आलेली बाई उभी होती.

जिना उतरताना मी बडबडत होते. बंद यंत्र हे सगळ्यांत महाग यंत्र असतं, कारण त्याच्या किमतीला भागायला एकही गणित नसतं. चालवा नाहीतर कुलपात ठेवा, ते दरवर्षी म्हातारं होतंच. देखभालीचं कंत्राट तर ते झोपलेलं असतानाही चालू राहतं. आणि भाड्याचं म्हणाल तर ते टँकरसारखं. वर्षातून एकदा लग्नाला पाणी लागलं तर टँकर परवडतो. रोजच्या पाण्याला टँकर लावला की तुमची विहीर कधी होत नाही, टँकरवाल्याचा दुसरा टँकर मात्र होतो. आणि हा सल्ला देणाऱ्या माणसाच्या खिशात विहिरीची किल्ली.

"झालं?" मैत्रिणीनं विचारलं.

"नाही."

"राहू दे. चल, अब्बांकडं चहा पिऊ."

भर दुपार होती. कॅफेत पाच संगणक होते आणि पाचांवर तिच्या आईनं शिवलेली फुलाफुलांची झाकणं होती. गिऱ्हाईक एकही नव्हतं. अब्बा पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"आओ बेटा," ते म्हणाले. "देखो, मशिनां सब सो रे. मैं बी सोताच था."

"दुपारी कोणीच येत नाही?" मी विचारलं.

"बारा से पांच तक मक्खियां आते. उनकू बी इंटरनेट नक्को."

मी त्या झाकणांकडं पाहत राहिले. माझी आई पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यातली. तिच्याकडून ऐकलेला एक शब्द मला तिथं आठवला, इर्जिक. कुणाची नांगरट अडली की गावातले लोक आपापले बैल घेऊन एका दिवसासाठी त्याच्या वावरात उतरतात. दिवसात काम उरकतं. ज्याचं काम, तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. आणि पुढं त्यांच्यापैकी कुणाचं अडलं की तो आपले बैल घेऊन जातो. आई सांगायची, "मजुरी नाय अन् उपकार बी नाय. पाळी असती."

मी मैत्रिणीला म्हणाले, "तुझी चार हजार गणितं एकमेकांवर अवलंबून आहेत का?"

"नाहीत. प्रत्येक वेगळं."

"मग एकच मोठं यंत्र कशाला पाहिजे? वीस चुलींवर दोनशे भाकरी लवकर होतात."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. ती माझ्यासारखी पेटत नसे, आधी शंका काढायची. "पण एकच भाकरी वीस चुलींवर लवकर भाजत नाही," ती म्हणाली. "पावसाचा, वाऱ्याचा अंदाज काढणाऱ्यांना मोठंच यंत्र लागतं. त्यांच्या गणिताचे तुकडे सारखे एकमेकांशी बोलत असतात. वरच्या यंत्राला शिव्या देऊ नकोस, ते बिचारं वाईट नाही. पण हो, माझं गणित भाकऱ्यांचं आहे."

अब्बांनी पाचही झाकणं काढली. पण पाच यंत्रांनी अडीच महिन्यांत भागत नव्हतं, आणखी हवी होती. म्हणून मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'उभी यंत्रं, अडलेली गणितं!' खाली कुलपातल्या संगणकाबद्दल तीन परिच्छेद, सगळे खरे. मग इर्जिक म्हणजे काय ते. आणि शेवटी जाड ठशात, 'जे काम कंपन्या लाखो घेऊन करतात ते छावणीतले लोक करणार फुकट!' हा शेवटचा शब्द लिहिताना मला केवढा आनंद झाला होता. वडिलांना मी ते दाखवलं नाही. ते उद्गारचिन्ह काढायला लावतील असं वाटलं होतं. त्यांनी चिन्ह राहू दिलं असतं आणि शब्द काढला असता, हे मला नंतर कळलं.

पत्रक छावणीत आणि संस्थेत वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी ते हातात धरून एक माणूस कॅफेत आला. त्याच रस्त्यावर त्याचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं. मूळचा हर्सूलकडचा, शेतकरी घरातला, पन्नाशीचा.

"हे कुणी लिवलं?"

"मी," मी म्हणाले. मला वाटलं शाबासकी आहे.

"इर्जिक कधी पाह्यली का, ताई?"

"ऐकलीय. आईकडून."

"मग आईनं हे नाय सांगितलं का, की इर्जिक अन् फुकट एका कागदावर येत नस्तेत? फुकट म्हंजी काय? माझं लाईट बिल कोन भरतंय, तुमची संस्था? बैल उभा असला तरी खातो, चालला तर जादा खातो. म्या काय खैरात वाटायलोय व्हय?"

अब्बा खुर्चीवरून अर्धे उठले. मैत्रीण पुढं झाली. "चूक झाली, भाऊ. फुकट नाही. पाळी आहे."

"हां, आता बोललात. माझ्या तीन मशिनी हायेत, तुमच्या ह्या पाचांपेक्षा तगड्या. देतो. पन माझी पाळी आली की सगळ्या मशिनी माझ्या वावरात. कबूल?"

"कबूल," मैत्रीण म्हणाली.

हळदीच्या नाचाला गाणी जोडणाऱ्या माणसाला कसली आलीय संगणकशक्तीची गरज, असा विचार माझ्या डोक्यात होता. लोकांसाठी पत्रक काढणाऱ्या मुलीच्या डोक्यात हा विचार होता, हे लिहून ठेवते.

त्याच्या शब्दावर पलीकडच्या एका कॅफेवाल्यानंही तीन यंत्रं दिली. अकरा झाली. कामाची पद्धत साधी होती. मैत्रीण रोज सकाळी अंदाजांचे अकरा गठ्ठे करायची. मी ते पेनड्राइव्हमध्ये भरून, पेनड्राइव्ह पोळीच्या डब्यात ठेवून, सायकलवर छावणीत न्यायची. बारा वाजता गणितं लावायची, पाच वाजता उत्तरं गोळा करायची. यंत्रांना नावं पडली. एक खिडकीवाली, तिला ऊन लागायचं म्हणून अब्बांनी ओलं गोणपाट टांगलं. एक खोकणारी, तिचा पंखा घरघरायचा. वीज गेली की चालू गणित मरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तरी रोज पन्नास-साठ, कधी सत्तर उत्तरं हाती यायची. मैत्रीण ती वहीत नुसती मांडत नव्हती, वाचत होती. एकदा म्हणाली, "बघ, ज्या विहिरींना सगळे भरवशाच्या म्हणतात त्याच आधी आटतायत." तिच्या आवाजात तेव्हा जे होतं ते मी तिच्याकडून पुन्हा फार थोड्या वेळा ऐकलं.

समितीला बारा-तेरा दिवस उरले असताना व्हिडिओवाला आला. मैत्रीण त्या दिवशी विहिरींची पातळी मोजायला गावात गेली होती. अब्बा नमाजाला गेले होते. मी एकटी होते.

"ताई, पाळी आली."

"कसली?"

"माझी. मोठं लग्न हाय, दोन भागात फिल्म. माझ्या मशिनीनं आठवडा लागंल. नवरी परदेशात चालली, तिला संगं न्यायची हाय. जायच्या आधी नाय दिली तर पार्टी पैसे तर देनार नायच, गावभर नाव घालवंल. दोन दिस सगळ्या मशिनी पायजेत. चार दिसांनी, म्या बाहेरगावची शूटिंग करून आलो की."

"आत्ता नाही जमणार," मी म्हणाले. "आमचे शेवटचे दिवस आहेत."

"पाळी म्हंजी पाळी."

"इथं गावांच्या पाण्याचं गणित चाललंय आणि तुम्हाला हळदीचा डान्स पडलाय?" मी आवाज चढवला. माझ्यातली सगळी पत्रकं एकदम बोलायला लागली. "हे काम लोकांसाठी आहे, भाऊ! लोकांसाठी!"

तो शांत होता. "व्हय. पानी लोकांलाच पायजे. मग लगनं कोन करतंय, म्हशी?"

मी म्हणाले, "नाही म्हणजे नाही."

"फुकट लिवलं होतं, तेच खरं होतं मग," तो म्हणाला. "तुमच्या कागदानं इर्जिक खोटी लिवली." तो दुकानात गेला आणि आमची चालू गणितं बंद करून तीनही यंत्रांना त्यानं आपल्या कामाला लावलं. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या कॅफेवाल्यानंही निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नका.

मैत्रीण आली तेव्हा मी तिला हे लढाई जिंकल्यासारखं सांगितलं. ती उन्हातून आली होती, पायांवर विहिरीतला गाळ होता. तिनं सगळं ऐकलं.

"तू कुणाच्या वतीनं नाही म्हणालीस?"

"तुझ्या."

"मला विचारलंस?"

"अगं, लग्नाच्या फिल्मसाठी…"

"मी कबूल म्हणाले होते. पाळी माझ्यावर होती, तुझ्यावर नाही." ती ओरडत नव्हती, म्हणून ते जास्त लागत होतं. "सर म्हणाले, त्या यंत्राला साजेसं काम यायचंय. तू पण तेच म्हणालीस आज. फरक काय? तुझ्याकडं किल्ली नव्हती एवढाच."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर चिडले आहे. माझ्यावर इतकं नेमकं कुणी चिडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात गेली, तर कुलूप. तो शूटिंगला गेला होता. तो परत येईपर्यंत अब्बांची पाचच यंत्रं चालली. तो आल्यावर ती पुन्हा गेली आणि कसलीही सबब न सांगता म्हणाली, "भाऊ, तुमच्या वावरात कधी यायचं?" त्यानं दाढी खाजवली आणि म्हणाला, "ती पत्रकवाली सायकल पन आना."

पाळी पाळली जातेय म्हटल्यावर पलीकडच्या कॅफेवाल्यानंही आपली यंत्रं पुन्हा दिली. दोन दिवस अकरा यंत्रांवर एक लग्न चाललं. त्यानं फिल्मचे तुकडे केले होते, प्रत्येक यंत्राला एक. खिडकीवालीवर मंगलाष्टकं, दुसरीवर पंगत, तिसरीवर रुखवत. खोकणाऱ्या यंत्रावर नवरीची पाठवणी होती. मी जेव्हा जेव्हा तुकडा गोळा करायला जायची तेव्हा ती मुलगी तिथं रडतच असायची, तोच हुंदका, थोडा पुढं सरकलेला. मी डिस्क घेऊन सायकल मारत होते. फिल्म वेळेवर झाली. मग यंत्रं पुन्हा आमची झाली, पण दिवस संपत आले होते. चार हजारांऐवजी साडेतीन हजार गणितं घेऊन ती समितीसमोर गेली.

मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी खूप प्रश्न विचारले, सगळे विहिरींबद्दल. तिनं उत्तरं दिली. साडेतीन हजार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "यंत्रांच्या मालकांची पाळी होती." बाई हसल्या आणि म्हणाल्या, एवढ्यावरही निष्कर्ष उभा राहतो. मी बाकावरून टुणकन उठले.

मग केंद्रप्रमुखांचा प्रसादाचा आवाज आला. काम मान्य आहे. फक्त एक दुरुस्ती. प्रबंधात जिथं 'छावणीतील अकरा खासगी संगणकांवर' असं लिहिलंय, तिथं 'संस्थेच्या उच्चक्षमता संगणकावर' असं करावं.

"पण सर, ते तर बंद होतं," मैत्रीण म्हणाली.

"अनुदान देणारे विचारतात, यंत्रावर कोणतं काम झालं. दाखवायला नको? संस्थेचं हित ते तुमचंही हित."

"ज्यांनी यंत्रं दिली त्यांचं नाव तरी…"

कागद उलगडल्याचा आवाज आला. माझं पत्रक त्यांच्याकडं होतं. त्यांनी शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, जाड ठशातलं. "छावणीतले लोक करणार, फुकट. तुमच्याच मैत्रिणीनं छापलंय ना हे? फुकट दिलेल्याचं देणं लागत नाही, बाई. श्रेयसुद्धा नाही."

परीक्षक बाईंनी आपले कागद आवरल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर तिनं दुरुस्तीचा कागद बाकावर ठेवला. मी म्हणाले, "सही करू नकोस. मी उद्या दुसरं पत्रक काढते. फाटकासमोर वाटते."

"आणि मग?"

"मग त्यांना उत्तर द्यावं लागेल."

"त्यांना नाही. मला द्यावं लागेल." तिनं पेनाचं टोपण काढलं. "तू पत्रक वाटून घरी जेवायला जातेस. तुझ्या वडिलांचा पगार असतो. माझी पाठ्यवृत्ती थांबली की अब्बांच्या मशिनींवर पुन्हा झाकणं, आणि त्या साडेतीन हजार उत्तरांवर पण. ती उत्तरं मला बाहेर काढायचीत. खोटी ओळ लिहून का होईना."

तिनं सही केली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिच्यावर चिडून नाही. चिडायला कुणी उरलेलं नव्हतं, आणि ज्याच्यावर चिडायचं होतं तो शब्द माझा होता.

इर्जिकीचं जेवण व्हायचं होतं. ज्याचं काम, त्यानं जेवू घालायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बांनी कॅफेतल्या टेबलांवरचे कीबोर्ड बाजूला केले आणि तिच्या आईनं नान आणि खलियाच्या मटणरश्श्याचं मोठं पातेलं पाठवलं. व्हिडिओवाला आला, पलीकडचा कॅफेवाला आला. मीही गेले, कारण मैत्रिणीचा निरोप होता, 'सायकलशिवाय ये, पण ये.'

दुसरा नान संपत आल्यावर व्हिडिओवाल्यानं विचारलं, "मग ताई, पुस्तकात आमचं आलं का?"

ती वाढत होती. तिनं पळी पातेल्यात ठेवली. तिनं खोटं सांगितलं असतं तर त्याला कधी कळलं नसतं, तो काही प्रबंध वाचायला जाणार नव्हता. "नाही आलं, भाऊ," ती म्हणाली. "संस्थेच्या मशीनवर केलं असं लिहिलंय. मीच सही केली."

"वरच्या मशीनवर? ती कुलपातली?"

"हो."

"ती तर बंद हाय ना?"

"हो."

त्यानं जरा विचार केला. "म्हंजी गनित कुलपानं केलं," तो म्हणाला आणि एवढ्या मोठ्यानं हसला की पलीकडच्या कॅफेवाल्याला ठसका लागला. अब्बा हसले नाहीत. ते म्हणाले, "बेटा, तू खाना खा. ठंडा होरा."

व्हिडिओवाल्यानं हात धुतले, पँटीला पुसले आणि खिशातून एक सीडी काढून खिडकीवालीत घातली. लग्नाची फिल्म होती. त्यानं ती सरळ शेवटाला नेली. नवरी गाडीत बसली, गाडी धुरळ्यात गेली, कबुतरं उडाली. मला न आवडणारी सगळी कबुतरं. मग काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं खालून वर आली. आधी दोन्ही घरांची नावं, मग आचारी, मग मांडववाला. आणि सगळ्यांत शेवटी, 'आभार: छावणीतल्या अकरा मशिनी, कॅफेवाले चाचा, भूजलवाल्या ताई.' ती ओळ वर गेल्यावर आणखी एक आली, 'पत्रकवाल्या ताईंची सायकल.'

"पार्टीनं इचारलं, हे भूजल काय," तो म्हणाला. "म्या म्हनलं, लई मोठं काम हाय, तुमच्या पोरीच्या लगनाला हात लावून गेलं."

मैत्रीण टेबलाला धरून उभी होती. तिनं ओळ पुन्हा दाखवा म्हटलं. त्यानं फिल्म मागं नेली. पुन्हा कबुतरं उडाली. अब्बांनी डोळ्यांवर चष्मा चढवून पडद्यावरचं आपलं नाव, म्हणजे 'चाचा', बोटानं वाचलं.

ते मोठं यंत्र पुढंही गरम झालं नाही. ग्रंथालयातल्या त्या प्रबंधात मात्र ते आजही चालतंय, साडेतीन हजार गणितं करतंय. परदेशातल्या कुठल्याशा घरात एक सीडी आहे, तिच्यात खरं लिहिलेलं आहे. संस्थेच्या ग्रंथालयापेक्षा लग्नाच्या फिल्मवर जास्त विश्वास ठेवावा लागावा, याचा राग मला अजून येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

हे छापायचं ठरवलं तेव्हा मी मैत्रिणीला फोन केला. आता तिचं कुणी काही थांबवू शकत नाही, ती दुसऱ्या गावी शिकवते. तरी विचारायला हवं होतं. या वेळी विचारलं.

"छाप," ती म्हणाली. "अकरा लिही, दहा नको. खोकणारी धर."

"धरली आहे."

"आणि वीजबिल अब्बांनी भरलं ते लिही. त्यांनी, व्हिडिओवाल्या भाऊंनी आणि पलीकडच्या कॅफेवाल्यांनी. तिघांनी."

"लिहिते."

"मग वाचून दाखव शेवटचं वाक्य. जाड ठशात नाही ना काही?"